आकाशातील डोळा कोणाचा?

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने टेहळणीसाठी ५२ उपग्रहांची मालिका उभारण्यास मान्यता दिल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, तेव्हा देशात त्याचे स्वागतच झाले. ते स्वाभाविकही होते. ज्या देशाला एवढा लांब सागरकिनारा आहे, ज्याच्या उत्तरेच्या व पश्चिमेच्या सीमा सदैव जागत्या ठेवाव्या लागतात आणि ज्याने २००८ च्या नोव्हेंबरात समुद्रमार्गे आलेल्या मूठभर मारेकऱ्यांनी मुंबई रक्तात भिजवल्याचे पाहिले आहे, त्या देशाने आकाशात डोळे ठेवू नयेत असे कोण म्हणेल? या योजनेविषयी आमचीही तक्रार नाही. तथापि स्वागताच्या या गजरात एक प्रश्न मात्र कोणी मोठ्याने विचारलेला नाही. आकाशातील हा डोळा कोणाचा? तो पाहील कोणासाठी आणि जाब देईल कोणाला? हा प्रश्न आजच का विचारावा, हे समजून घ्यायचे असेल तर हिंदी महासागराच्या पलीकडच्या तीरावर तीन दशकांपूर्वी काय घडले, याकडे वळून पाहणे उपयुक्त ठरेल.

दक्षिण आफ्रिकेने ऐंशीच्या दशकात स्वतःचा एक छोटा टेहळणी उपग्रह बांधावयास घेतला होता. त्याचे नाव ग्रीनसॅट. त्याला आकाशात नेण्यासाठी स्वतःचा अग्निबाण, तो सोडण्यासाठी स्वतःचा तळ, उपग्रहाची जुळणी व चाचणी करण्यासाठी स्वतःची कर्मशाळा, अशी सगळी सिद्धता त्या राष्ट्राने चालविली होती. अग्निबाणाच्या चाचण्या १९८९ व १९९० साली पार पडल्या. आणि मग १९९३ च्या मध्यावर अग्निबाणाचे काम थांबविण्यात आले, तर १९९४ च्या मध्यावर उपग्रहाची योजनाही गुंडाळण्यात आली. स्वतःच्या बळावर उपग्रह सोडणाऱ्या निवडक राष्ट्रांच्या पंक्तीला बसण्याच्या बेतात असलेले एक राष्ट्र पानावरून उठले. उठविले गेले, असेही कोणी म्हणेल. या दोन्ही म्हणण्यांत किती तथ्य आहे, हे तपासण्यासारखे आहे.

ही योजना कोणत्या भयातून जन्मली ते आधी पाहावे लागेल. १९७७ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत रशियाच्या एका उपग्रहाला कालाहारीच्या वाळवंटात संशयास्पद खोदकाम दिसले. दक्षिण आफ्रिका तेथे अणुचाचणीची तयारी करीत होती. मॉस्कोने ही खबर वॉशिंग्टनला दिली, अमेरिकेने आपल्या साधनांनी खात्री करून घेतली आणि एरव्ही एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या दोन महासत्तांनी, ब्रिटन, फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांच्यासह, प्रिटोरियाच्या सरकारवर एकत्र दडपण आणले. चाचणी सोडून द्यावी लागली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ४१८ क्रमांकाच्या ठरावान्वये दक्षिण आफ्रिकेवर सक्तीची शस्त्रबंदी लादली. दोन वर्षांनी, २२ सप्टेंबर १९७९ रोजी, अमेरिकेच्या व्हेला उपग्रहाने दक्षिणेकडील समुद्रावर दुहेरी लखलखाट टिपला. तो अणुस्फोट होता की नव्हता यावर आजही वाद चालू आहे. परंतु जगाचे बोट पहिल्याप्रथम वळले ते प्रिटोरियाकडेच. थोडक्यात, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पुनःपुन्हा पकडले जात असलेल्या या सत्तेला स्वतःचाही डोळा हवासा वाटू लागला यात नवल नाही. ज्याच्या घरात बाहेरून डोकावता येते, त्याला आधी पडदा आठवतो आणि मग शेजाऱ्याच्या घरात डोकावण्याची खिडकी.

शस्त्रबंदीमुळे उघड्या बाजारात काही मिळणे अशक्य होते. मदतीला आले इस्रायल. १९७६ साली पंतप्रधान फोर्स्टर यांनी इस्रायलला भेट दिल्यापासून या दोन देशांतील संरक्षणविषयक देवाणघेवाण वाढत गेली होती. इस्रायलने १९ सप्टेंबर १९८८ रोजी शावित या अग्निबाणाने आपला पहिला उपग्रह ओफेक सोडला. दक्षिण आफ्रिकेचा आरएसए-३ हा अग्निबाण याच शावितचा सख्खा भाऊ. केप प्रांतातील सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्राबाऊ गावाजवळ हाउटेक या कंपनीची कर्मशाळा उभी राहिली. घन इंधनाच्या मोटारींचे काम सोमचेम या दारूगोळ्याच्या कारखान्याकडे आले. सगळ्याचा सूत्रधार होती आर्मस्कोर ही सरकारी शस्त्रास्त्र संस्था. पुढे १९९२ साली तिच्यातून डेनेल हा स्वतंत्र उद्योग निघाला. उपग्रहाचे वजन मोठे नव्हते. आरएसए-३ ची झेप जेमतेम तीनेकशे किलो भार पृथ्वीच्या नजीकच्या कक्षेत ठेवण्याइतकी होती. परंतु कक्षा जितकी खालची, तितके चित्र स्पष्ट. सरहद्दीपलीकडील रस्ते, धावपट्ट्या व तळ पाहण्यास तेवढे पुरेसे होते.

अर्थात जगाला खरी भीती होती ती उपग्रहापेक्षा त्याच्या वाहनाची. जो अग्निबाण तीनशे किलोंचा उपग्रह कक्षेत नेतो, तोच त्याच्या टोकावर बाँब बसविला की क्षेपणास्त्र होतो. ही गोष्ट आपणा भारतीयांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या एसएलव्ही-३ ने १८ जुलै १९८० रोजी ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला आणि त्याच विद्येतून पुढे २२ मे १९८९ रोजी अग्नी क्षेपणास्त्र झेपावले. दक्षिण आफ्रिकेचा अग्निबाण आपल्या अग्नीनंतर अवघ्या काही दिवसांनी आणि काही आठवड्यांनी समुद्रावर झेपावत होता. फरक इतकाच की प्रिटोरियाच्या तळघरात त्या वेळी तयार अणुबाँब होते. एकंदर सहा पूर्ण झाले होते व सातव्याचे काम चालू होते. ही कबुली राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी २४ मार्च १९९३ रोजी संसदेपुढे दिली. तीही ते बाँब मोडून टाकल्यानंतर. तोवर ज्या जनतेच्या पैशाने ते बांधले गेले, तिला त्यांचा पत्ता नव्हता.

येथे दोन मच्छीमार वस्त्यांची गोष्ट शेजारीशेजारी ठेवून पाहावी असे आम्हांला वाटते. किनाऱ्यावरच्या वाचकाला तिचे मर्म चटकन कळेल. दक्षिण आफ्रिकेने आपल्या अग्निबाणांच्या चाचण्यांसाठी ओव्हरबर्गचा किनारा निवडला. अ‍ॅर्निस्टनच्या पूर्वेला, दे होप या निसर्गरक्षित प्रदेशाला लागून असलेली ही जागा. १९८३ साली हा बेत उघड होताच निसर्गप्रेमींनी मोठा गदारोळ केला. पण त्याच पट्ट्यात स्किप्सकॉप नावाची मच्छीमारांची एक छोटी वस्ती होती. पिढ्यान्‌पिढ्या तेथे होड्या लोटणाऱ्या त्या सावळ्या वर्णाच्या माणसांना तेथून हलविण्यात आले. त्यांना मत नव्हते, म्हणून त्यांच्या संमतीची गरज कोणाला वाटली नाही.

दुसरी वस्ती आपल्या केरळच्या किनाऱ्यावरची, थुंबा. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ जाते म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांना अग्निबाणांच्या तळासाठी ती जागा हवी होती. तेथेही मच्छीमारच राहत होते आणि त्यांच्या मध्यभागी मेरी मॅग्डालेनचे चर्च होते. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्याकडे गेले, बिशपांनी आपल्या भाविकांपुढे गोष्ट मांडली, आणि गावकऱ्यांनी आपली प्रार्थनेची जागा विज्ञानाला दिली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला तेव्हा चर्चची इमारत कार्यालय झाली होती. थुंब्याच्या लोकांनाही घरे सोडावी लागलीच. ते दुःख खोटे म्हणता येणार नाही. परंतु त्यांना विचारले गेले होते. एका ठिकाणी माणसे उठविली गेली, दुसऱ्या ठिकाणी ती उठून जाण्यास राजी झाली. पुढे या दोन देशांच्या अवकाशविद्येचे जे झाले, त्याचे बीज या फरकात आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

प्रिटोरियाच्या त्या डोळ्याला काय पाहायचे होते? त्या राजवटीचे सैन्य तेव्हा अंगोलात लढत होते, नामिबिया बळकावून बसले होते, आणि मोझांबिकमधील बंडखोरांना रसद पोचवीत होते. अंगोलात क्यूबाच्या फौजा उतरल्या होत्या; १९८७-८८ मध्ये कुइतो कुआनावाले येथे मोठा रणसंग्राम झाला. शेजारी राष्ट्रांत आश्रय घेतलेल्या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यांवर तर पाळत होतीच. मापुटोच्या एदुआर्दो मोंदलाने विद्यापीठातील आफ्रिकी अभ्यास केंद्रात १७ ऑगस्ट १९८२ रोजी टपालातून आलेला बाँब फुटला आणि रूथ फर्स्ट ही निर्वासित विदुषी ठार झाली. त्या खोलीत केंद्राचे संचालकही होते. ते जखमी झाले. हे संचालक म्हणजे आपल्या बार्देशात जन्मलेले आक्विनो द ब्रागांझा. पोर्तुगीज वसाहतवादाविरुद्ध आयुष्य वेचलेला हा गोमंतकीय पुढे मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचा निकटचा सल्लागार झाला. १९ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथील टेकड्यांवर आदळले. त्यात माशेल यांच्याबरोबर ब्रागांझाही गेले. तो अपघात होता की घातपात, हा वाद अद्याप मिटलेला नाही आणि पुराव्यावाचून कोणावर आरोप करणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. परंतु ज्या सत्तेच्या शेजारी राहणे असे जिवावरचे झाले होते, त्या सत्तेच्या हाती आकाशातील डोळा आला असता तर तो कोणावर रोखला गेला असता, हे सांगण्यासाठी ज्योतिष्याची गरज नाही.

महाभारतात युद्धापूर्वी व्यासांनी धृतराष्ट्राला दिव्यदृष्टी देऊ केली. कुळाचा संहार पाहणे नको म्हणून त्याने ती स्वतः घेतली नाही; मग ती संजयाला मिळाली, आणि हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्रावरचा प्रत्येक बाण राजाला कळू लागला. पण त्या वृत्तांताने धृतराष्ट्राचे काय भले झाले? द्यूतसभेत भर दरबारी जे घडले ते दिसण्यासाठी त्याला कोणत्याही दिव्यदृष्टीची आवश्यकता नव्हती. तेव्हा तो गप्प बसला. घरातील अन्यायाकडे पाठ फिरविणाऱ्याला दूरवरचे रण दिसून उपयोग होत नाही. प्रिटोरियाच्या राज्यकर्त्यांची गत याहून वेगळी नव्हती. त्यांना अंगोलातील रणगाडे मोजायचे होते. सोवेटोतील मुलांच्या डोळ्यांत काय पेटले आहे, ते मात्र त्यांना वर्षानुवर्षे दिसले नाही. राजवट कोसळली ती सरहद्दीवरून नव्हे, घरातून.

आणि ती कोसळण्याच्या वाटेला लागताच त्या डोळ्याचे प्रयोजनही सरले. डिसेंबर १९८८ मध्ये न्यूयॉर्क येथे करार होऊन क्यूबाचे सैन्य अंगोलातून परत जाण्याचे ठरले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले. पुढच्याच महिन्यात नामिबिया स्वतंत्र झाला. १० जुलै १९९१ रोजी दक्षिण आफ्रिकेने अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारावर सही केली. त्याच वर्षी अमेरिकेने क्षेपणास्त्र-तंत्राच्या व्यवहाराबद्दल आर्मस्कोरवर निर्बंध घातले. जगाच्या बाजारात परत यायचे असेल तर अग्निबाण सोडा, असा त्याचा सरळ अर्थ होता. अग्निबाण व उपग्रह हे नागरी उपयोगाचे व व्यापारी लाभाचे आहेत, असे सांगून पाहण्यात आले. परंतु इतक्या छोट्या अग्निबाणाला पैसे मोजणारे गिऱ्हाईक जगात नव्हते आणि लष्कराला आता त्याची गरज उरली नव्हती. १९९३ च्या मध्यावर प्रक्षेपकाचा त्याग जाहीर झाला. एप्रिल १९९४ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, १० मे रोजी मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्या राजवटीच्या पहिल्याच काही आठवड्यांत ग्रीनसॅटवरही पडदा पडला. सप्टेंबर १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिका क्षेपणास्त्र-तंत्र नियंत्रण गटाची सभासद झाली.

आता आक्षेपाकडे वळू. हा बलाढ्यांनी दुबळ्याला दिलेला दम नव्हता काय? ज्या राष्ट्रांच्या कोठारांत हजारो क्षेपणास्त्रे आहेत त्यांनीच दुसऱ्याला एक अग्निबाण ठेवू नकोस म्हणावे, हा कोणता न्याय? शिवाय गोऱ्या अल्पसंख्याकांच्या हाती असेतोवर ज्या विद्येकडे पाश्चात्त्यांनी बराच काळ कानाडोळा केला, ती काळ्या बहुसंख्याकांच्या हाती जाण्याची वेळ येताच तिच्यावर गंडांतर यावे, हा योगायोग संशयास्पदच आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. भारतालाही या दंडेलीची चव ठाऊक आहे. मे १९९२ मध्ये रशियाकडून अतिशीत इंधनाच्या इंजिनांचे तंत्र घेण्याच्या व्यवहारावरून अमेरिकेने आपल्या अवकाश संशोधन संस्थेवर निर्बंध लादले आणि त्या तंत्रासाठी आपल्याला वर्षानुवर्षे खपावे लागले. ज्या गटाचे नियम आपल्याविरुद्ध वापरले गेले, त्याच गटात २७ जून २०१६ रोजी भारत सन्मानाने सभासद झाला. बलवंतांची नीती ही अशी सोयीची असते, हे मान्यच केले पाहिजे.

तरीसुद्धा एक प्रश्न उरतो. दडपण दोन्ही देशांवर आले. मग एक योजना टिकली आणि दुसरी मोडली, असे का? भारत मोठा, दक्षिण आफ्रिका लहान, एवढे उत्तर पुरेसे नाही. इस्रायल तर दोहोंहून लहान आहे. आमच्या मते उत्तर असे आहे : भारताची अवकाशविद्या लोकांच्या जीवनात मुरलेली होती. १९७५ साली आर्यभट, १९७९ साली भास्कर, मग दूरचित्रवाणी व हवामान यांसाठी इन्सॅट, १९८८ साली आयआरएस, अशी एकेक पायरी चढत असताना खेड्यातल्या शेतकऱ्याला पावसाचा अंदाज आणि किनाऱ्यावरच्या नाखव्याला वादळाचा इशारा या विद्येने दिला. म्हणून निर्बंध आले तेव्हा ते देशावर आले असे सर्वांना वाटले. संसदेत सर्व पक्षांनी त्यांचा निषेध केला. दक्षिण आफ्रिकेतील योजना मूठभरांनी, मूठभरांसाठी, लपवून चालविली होती. ती बंद झाली तेव्हा बहुसंख्य जनतेला तिचे नावही ठाऊक नव्हते. जे लोकांना कधी आपले वाटलेच नाही, त्याच्यासाठी लोक कसे उभे राहणार? जो खर्च शाळा, पाणी व घरे यांना मिळाला नाही, तो या गुप्त कर्मशाळांना मिळाला हे कळल्यावर नव्या राज्यकर्त्यांनी ते ओझे उतरवून ठेवले, तर त्यांना दोष देता येत नाही.

परंतु येथेच न थांबता पुढची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे अर्धवट राहील. अग्निबाण मोडीत निघाला याचे दुःख नाही. मोडली ती माणसांची जमवाजमव, हे मात्र दुःख आहे. भिंगे घासणारे, यंत्रांचा तोल साधणारे, कक्षेचे गणित मांडणारे हात एकत्र आणण्यास दशक लागते; ते पांगण्यास एक आदेश पुरतो. ते हात पापी नव्हते. ज्या धन्यासाठी ते राबले तो पापी होता. स्टेलेनबॉश विद्यापीठातील अध्यापक व विद्यार्थी यांनी ही विद्या पूर्णपणे विझू दिली नाही, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. त्यांनी ६४ किलोंचा सनसॅट हा उपग्रह स्वतः बांधला आणि २३ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेच्या डेल्टा अग्निबाणाने तो कक्षेत गेला. दक्षिण आफ्रिकेचा हा पहिला उपग्रह. पुढे १७ सप्टेंबर २००९ रोजी रशियाच्या अग्निबाणाने सुम्बांडिलासॅट गेला. व्हेंडा भाषेतील या नावाचा आशय 'वाट दाखव' असा. ८१ किलोंच्या या उपग्रहाने पुराची व वणव्यांची छायाचित्रे पाठविली आणि २०११ मध्ये त्याचे काम थांबले. डिसेंबर २०१० मध्ये त्या देशाची राष्ट्रीय अवकाश संस्थाही स्थापन झाली. पण दुसऱ्याच्या खांद्यावर बसून जाणे आणि स्वतःच्या पायांनी जाणे यांतले अंतर आजतागायत कापले गेलेले नाही.

याहून बोचणारी गोष्ट त्यानंतर घडली. १९ डिसेंबर २०१४ रोजी बैकानूर येथून रशियाने कॉन्डॉर-ई नावाचा एक रडार उपग्रह सोडला. ढगांतून व अंधारातून पाहू शकणारा हा उपग्रह दक्षिण आफ्रिकेच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाने गुपचूप विकत घेतल्याचे तेथील वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. म्हणजे १९९४ साली ज्या डोळ्याची गरज नाही असे ठरले, तोच डोळा वीस वर्षांनी परक्याच्या दुकानातून, दाम मोजून, आणि पुन्हा जनतेच्या नजरेआड आणावा लागला! वर्णभेदाची राजवट गेली. तिची गुप्ततेची सवय मात्र नव्या घरातही भाडेकरू म्हणून राहिली. पहिली योजना निदान स्वतःच्या हातांनी बांधलेली होती. दुसरीत लपवाछपवी तेवढी शिल्लक राहिली, विद्या राहिली नाही. राज्य बदलले म्हणजे राज्याच्या सवयी बदलतातच असे नाही, हा या सगळ्या इतिहासातील कदाचित सर्वांत कडू धडा होय.

या इतिहासातून आपण काय घ्यावे? टेहळणीचा उपग्रह मुळातच वाईट, असा सोवळेपणाचा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. मुंबईवरील हल्ल्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २० एप्रिल २००९ रोजी, भारताने इस्रायलच्या साह्याने तयार झालेला ३०० किलोंचा रिसॅट-२ श्रीहरिकोट्याहून सोडला. ग्रीनसॅटच्याच वजनाचा, त्याच मित्राच्या मदतीचा, आणि पहाऱ्याच्याच कामाचा. पण त्याच्यामागे निवडून दिलेले सरकार होते, त्याच्याविषयी प्रश्न विचारणारी संसद होती, आणि तो उडाल्याचे वृत्त दुसऱ्या दिवशी सर्व वृत्तपत्रांत होते. यंत्र तेच; ते कोणाच्या घरचे, यावर त्याची नीती ठरते.

तेव्हा ५२ डोळे आकाशात जाणार असतील तर ते जाऊ देत. मात्र त्यांच्याविषयी काही गोष्टी आजच ठरल्या पाहिजेत. पहिली ही की, या उपग्रहांच्या कक्षा किंवा त्यांनी टिपलेले शत्रूचे तळ गुप्त राहोत. पण त्यांचा खर्च, त्यांचे प्रयोजन आणि त्यांच्या वापरावरील मर्यादा या गोष्टी संसदेच्या समितीपुढे व महालेखापालांपुढे आल्या पाहिजेत. दुसरी अशी की, सीमेपलीकडे पाहण्यासाठी नेमलेला डोळा सीमेच्या आत, आपल्याच नागरिकांच्या सभा-संमेलनांकडे वळविता कामा नये. आणि वळविलाच, तर त्यास कायद्याचा आधार व न्यायालयाची परवानगी लागली पाहिजे. २०२३ साली अवकाशविषयक धोरण जाहीर झाले. धोरण सरकार बदलते तसे बदलते. कायदा बदलण्यासाठी लोकांच्या प्रतिनिधींना तोंड द्यावे लागते. म्हणून धोरणापाठोपाठ कायदा हवा. तिसरी गोष्ट विद्येची. हे उपग्रह खासगी उद्योगांनी बांधले काय किंवा सरकारी संस्थेने बांधले काय, ते बांधणारे हात पांगणार नाहीत, विद्यापीठांशी त्यांचे नाते राहील, अशी व्यवस्था पाहिजे. ग्राबाऊच्या बागांत जे घडले ते आपल्याकडे घडू नये.

आणि चौथी गोष्ट आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांची. हैदराबादची सागरी माहिती संस्था उपग्रहांच्या साह्याने समुद्राचे तापमान व रंग पाहून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे हे मच्छीमारांना कळविते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा आधी मिळालेल्या इशाऱ्यामुळे होड्या वेळेवर काठाला लागल्या. आकाशातील डोळ्याचे हे खरे पुण्य. ज्याला शत्रूची गलबते दिसतात, त्याला रातोरात कापला जाणारा डोंगर, भराव टाकून बुजविले जाणारे खाजन आणि बंदीच्या काळात बेकायदा दिव्यांखाली चालणारी मासेमारीही दिसते. मग ती चित्रे गावच्या ग्रामसभेला मागितल्यावर मिळाली पाहिजेत. संरक्षणाच्या नावाखाली ती कुलपात राहिली आणि रापणकाराला त्याच्याच समुद्राची खबर मिळाली नाही, तर हा डोळा त्याचा आहे असे त्याने का मानावे?

राष्ट्राचे संरक्षण लोकांच्या विश्वासावर उभे असते. उपग्रह त्या विश्वासाचे एक साधन आहे, त्याची जागा तो घेऊ शकत नाही. ग्रीनसॅट आकाशात गेला नाही म्हणून दक्षिण आफ्रिका बुडाली नाही आणि गेला असता तरी ती राजवट तरली नसती. थुंब्याच्या मच्छीमारांनी साठ वर्षांपूर्वी आपले चर्च दिले ते काही गुप्त आदेशावरून नव्हे. त्यांच्यापुढे येऊन कोणीतरी नम्रपणे मागितले म्हणून. आज ज्या योजनेवर हजारो कोटी खर्च होणार आहेत, तिच्या चालकांनी तेवढीच नम्रता दाखवून देशापुढे यावे, आपण काय पाहणार आहोत व काय पाहणार नाही ते सांगावे आणि मग खुशाल डोळे उघडावेत. संसदेच्या येत्या अधिवेशनात आपल्या प्रतिनिधींनी हा प्रश्न विचारावा, अशी आमची त्यांना आग्रहाची सूचना आहे.